अंगठ्याची कुळकथा

मेहकर तालुक्यातल्या जानेफळला रेशन घ्यायचं, तर आधी यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. निंदण-वेचणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा पटकन लागत नाही. बोट पुसून पुन्हा टेकवावं लागतं. सिमकार्ड घेताना अंगठा, आणि अटक झाली तर पोलीस ठाण्यातही ठसे. या एका खुणेवर सरकारचा हक्क कुठवर, हे समजून घ्यायला तिचं कूळ पाहायला हवं.

1858 च्या जुलैत बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शल या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या मालाचा ठेका दिला. ठेकेदार राज्यधर कोनाई पुढं करार नाकारेल, या धास्तीनं त्यानं त्याच्या उजव्या पंजाचा ठसा करारावर घेतला. 1877 मध्ये हुगळीला त्यानं पेन्शनदार, दस्त नोंदवणारे आणि कैदी यांच्या ठशांची पद्धत पाडली.

पण हजारो ठशांतून नेमका एक हुडकायचा कसा? कलकत्त्यात बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याच्या हाताखालच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ते कोडं सोडवलं. दहा बोटांच्या चक्र-शंखांवरून ठशांचे 1,024 गट पाडले. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं लागलं. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी जलपैगुडीकडच्या चहामळ्यातल्या एका खुनाच्या खटल्यात पंचांगावरचा रक्ताळलेला अंगठा पुरावा म्हणून आला. आरोपीवर चोरी शाबीत झाली, खून नाही. ठशानं माणूस तिथं होता एवढंच सांगितलं आणि न्यायालयानं तेवढंच मानलं.

हा विवेक कायद्यानंच सोडला. 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं, नोंदवलेल्या जमातीतल्या कुणाचेही ठसे केव्हाही घेण्याची मुभा दिली. गुन्हा घडलेला असण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. पारधी, कैकाडी अशा कितीतरी समाजांनी ठाण्यावरची हजेरी आणि गाव सोडताना द्यायची वर्दी सोसली. सरकारनं जमात एकदा जाहीर केली की ते योग्य की अयोग्य, हे न्यायालयानं विचारायचंही नाही, अशी तरतूद होती. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला. पारध्यांच्या पालावर पडणारी संशयाची नजर मात्र त्या तारखेला हटली नाही.

स्वतंत्र भारतात 1961 मध्ये, मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की आरोपीचा ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं आणि संशयिताची खूण लाभार्थ्याची झाली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, त्यांत नागपूरचे शरद बोबडेही होते, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

खरी मेख पुढं आहे. आधारसाठी दिलेला ठसा साध्या गुन्ह्याच्या तपासाला देता येत नाही; राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद मात्र कायद्यात आहे. त्यासाठी आदेश देण्याचा अधिकार सहसचिवाकडे होता. आधारवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं ती तरतूद रद्द केली आणि सांगितलं की अधिकारी त्याहून वरचा हवा आणि निर्णयात न्यायिक अधिकारीही हवा. 2019 च्या दुरुस्तीनं सहसचिवाच्या जागी सचिव आणला. न्यायाधीश आलाच नाही. आदेश तपासणारी समितीही सचिवांचीच. मग 2022 च्या ओळख कायद्यानं पोलिसांनी घेतलेले ठसे, बुबुळांच्या नोंदी 75 वर्षं जपण्याची सोय केली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद पुसायची आहे, पण तीही न्यायालयानं वेगळा आदेश दिला नाही तर.

देशाला शत्रू आहेत, घातपात होतात, आणि ठशानं गुन्हेगार सापडतो. ते साधन पोलिसांच्या हाती असायलाच हवं. पण पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून मागणाऱ्यानंच मर्यादा पाळायची असते: कारण लेखी असावं, ते सरकारबाहेरच्या न्यायाधीशानं तपासावं, आणि निर्दोष माणसाची नोंद त्याला हेलपाटे न घालता पुसली जावी. 1911 च्या कायद्यानं न्यायालयाला दाराबाहेर ठेवलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. सुरक्षेच्या नावानं ते दार पुन्हा लावू देता कामा नये.