विमानांची जत्रा आणि आपण

गड्ड्याच्या यात्रेतला जनावरांचा बाजार आपण सोलापूरकरांनी पाहिलेला आहे. शेतकरी आपली खिलार जोडी घेऊन येतो, तिच्याशेजारीच रात्र काढतो. बघ्यांपेक्षा तेथे मालकाचा मान अधिक. अमेरिकेत ऑशकॉश गावी 1970 पासून जुलैअखेरीस विमानांची जी प्रचंड जत्रा भरू लागली, तिची रीतही हीच. हौशी लोक आपापली विमाने, त्यांतली कित्येक घरीच बांधलेली, उडवीत तेथे येतात आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतात.

आपल्याकडे स्वतःचे विमान कोणाजवळ असणार? मग सामान्य माणसाचा विमानाशी संबंध जडला तो कसा?

वॉल्टर विंडहॅम यांनी अलाहाबादच्या प्रदर्शनासाठी विमानांचे सुटे भाग बोटीने आणविले. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके हा 23 वर्षांचा फ्रेंच वैमानिक सुमारे 6500 पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीस उतरला. अंतर अवघे दहा किलोमीटरांच्या आसपास. एखाद्या टांगेवाल्यानेही ती पत्रे दिवस मावळण्याआधी पोचविली असती! तरी जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल म्हणून तिची गणना होते. आम्हांला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्याने पाकीट टाकले तो नुसता बघ्या उरला नाही.

पुढचा दुवाही जत्रेतलाच. नेव्हिल व्हिन्सेंट हा माजी लष्करी वैमानिक गावोगाव विमान नेऊन, पैसे घेऊन लोकांना आकाशाची सैर घडवीत हिंदुस्थानात फिरला. सर्कसवाल्याचाच धंदा म्हणा ना! पण याच गृहस्थाने टाटांपुढे हवाई टपालाची योजना मांडली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले. तेथून टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली ती व्हिन्सेंटने. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा संसार पुण्याला हलवावा लागे. सरकारने अनुदान दिले नव्हते.

त्या मार्गावर सोलापूरचा थांबा नव्हता. पुढे होटगी रस्त्यावर विमानतळ असूनही गावाला टिकाऊ सेवा लाभली नाही. अखेर जून 2023 मध्ये श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी, विमानांच्या वाटेतला अडथळा म्हणून, पाडण्यात आली. ऊस घालणाऱ्या सभासदाला ती चिमणी अडथळा वाटत नव्हती, हेही येथे नोंदविले पाहिजे. एका सोलापुराची सोय दुसऱ्या सोलापुराच्या खर्चाने झाली. 9 जून 2025 रोजी त्याच विमानतळावरून गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली. सभासदाच्या खर्चाची भरपाई त्या तिकिटांतून कशी व्हावी, याचा हिशेब मात्र गावाने अजून मांडलेला नाही.