उर्दूतून शिकलेले इंजिनीअर

२०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी मिळाली, तेव्हा हे देशात पहिल्यांदाच घडत असल्याचा अनेकांचा समज झाला. पण हा प्रयोग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात स्वातंत्र्यापूर्वीच झाला होता, आणि तोही उर्दूतून. शेरोशायरीपुरतीच मानली गेलेली ही भाषा तिथे पूल, पाया आणि पाटबंधारे शिकवत होती.

यामागे गरज होती. सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मुसी नदीने हैदराबाद उद्ध्वस्त केले. पूरनियंत्रणासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे झाली. १९२३ ते १९३१ या काळात अली नवाज जंग यांनी मांजरा नदीवर निजामसागर बांधले. हे अली नवाज जंग शिकले होते इंग्लंडच्या कूपर्स हिल कॉलेजात. प्रत्येक इंजिनीअर विलायतेला पाठवणे किंवा बाहेरून आणणे संस्थानाला परवडणारे नव्हते. १९२९ साली उस्मानियाचे इंजिनीअरिंग कॉलेज सुरू झाले.

पुस्तकांची तयारी त्याआधीच सुरू झाली होती. १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले, पण 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर खाते १९१७ सालीच उघडले होते. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. परिभाषा ठरवायला समित्या होत्या. शब्द अरबी-फारसीतून घ्यायचे की देशी धातूंपासून घडवायचे, यावर वाद झडत. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर अख्खा ग्रंथ लिहिला. इंग्रजीही टाकून दिली नव्हती. ती सक्तीचा विषय होती.

आपल्या लोकांना हा इतिहास अभिमानाने सांगायला आवडतो, आणि अभिमान रास्तही आहे. पण आपण मराठी मुसलमान आहोत. मराठवाडा त्याच संस्थानात होता, हे आपण विसरता कामा नये. तिथली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी होती. इंग्रजीच्या तुलनेत उर्दू देशी खरी, पण नांदेड-परभणीच्या खेड्यातल्या मुलासाठी, मग तो हिंदू असो वा मुसलमान, ती बहुधा घरची नव्हे, दरबाराची भाषा होती. त्याची मायबोली विद्यापीठाच्या उंबऱ्याबाहेरच राहिली.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि लवकरच उर्दू माध्यमही गेले. त्याची जागा तेलुगूने किंवा मराठीने नव्हे, इंग्रजीने घेतली. कॉलेज मात्र टिकले, वाढले. आज तिथे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, बायोमेडिकल असे अभ्यासक्रम आहेत. मराठवाड्याला स्वतःचे सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज मिळायला १९६० साल उजाडावे लागले, तेही औरंगाबादेत.

कोणतीही भाषा विज्ञानाला अपुरी नसते. तिच्यामागे पैसा, पुस्तके आणि नोकरी उभी करावी लागते, हे उस्मानियाने दाखवून दिले. सत्तेने आपल्या भाषेला 'स्वभाषा' म्हटले म्हणून ती सगळ्यांची होत नाही, हेही तिथेच दिसले. आज मराठीतून इंजिनीअरिंगची स्वप्ने पाहताना गोंडी, भिली, दखनी बोलणाऱ्या पोरांची आठवण ठेवली, तर तो इतिहास वाया गेला नाही असे म्हणता येईल.