बंडी सोडण्याची जागा

साकोलीच्या सडकेवर गाडी उभी करायला जागा नाही, ही तक्रार अलीकडची. सडक मात्र जुनी आहे. नागपूरहून रायपूरला जाणारा हा ‘ग्रेट ईस्टर्न रोड’. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० च्या फेरक्रमांकनात ५३. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग आला, तो तुमसर-गोंदियावरून गेला. मुख्य मार्गापासून साकोली दूर राहिली, ती सडकेच्याच आश्रयाने वाढली. शेजारच्या एका अर्जुनीने तर ‘सडक’ आपल्या नावातच घेतली!

इंग्रजी अमदानीत भंडारा जिल्ह्याला तहसिली तीनच, त्यांत साकोली एक. कचेरीच्या कामाला, धान विकायला दूरदूरच्या खेड्यांतून यायचे ते बंडीने. जुनी माणसे शिस्तीची, म्हणून ती बंडी दुकानाच्या दारात सोडीत नसत, असे सांगतात. मला हे पटत नाही. शिस्त बैलांची होती. बैलाला सावली, पाणी, तणस हवी. बंडी सुटायची ती बोडीकाठच्या झाडाखाली. मोटारीला तहान नाही. ती थेट दारात उभी राहते, आणि मागे वाहतूक खोळंबते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ धोका वा अडथळा होईल अशी गाडी सोडण्यास मनाई करते. दंड भरताना ते सर्वांना कळते. त्याच कायद्याचे कलम ११७ गाड्यांच्या थांब्यांच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरविण्याची तरतूद करते. त्याचा उच्चार मी बाजारात अजून ऐकलेला नाही.