ट्रूडोसचा डोंगर आणि मियाशिरोंचा आक्षेप

आजची गोष्ट आहे सायप्रस बेटावरच्या एका डोंगराची आणि त्याच्यावरून पेटलेल्या वादाची.

ट्रूडोस. उंची 1,952 मीटर. या डोंगराच्या माथ्यावर चक्क प्रावरणातला, म्हणजे मँटलमधला खडक उघडा पडलाय. एरवी हा थर पृथ्वीच्या कवचाखाली असतो. माथ्यावरून खाली उतरत गेलं की आधी गॅब्रो लागतो. मग पत्त्यांचा कॅट उभा धरावा तशा एकमेकींना चिकटलेल्या डाइक, म्हणजे भेगांमध्ये थिजलेल्या लाव्हाच्या भिंती. आणि शेवटी पिलो लाव्हा, पाण्याखाली थंड होऊन उशांसारखा गोल झालेला. या सगळ्या संचाला म्हणतात ऑफिओलाइट. ग्रीकमध्ये ऑफिस म्हणजे साप. संचातला हिरवट सर्पेंटिनाइट सापाच्या कातडीसारखा दिसतो, म्हणून हे नाव.

1968 मध्ये इयान गॅस यांनी मांडलं, की ट्रूडोस हा जुन्या समुद्रतळाचा तुकडा असावा. 1971 मध्ये मूर्स आणि व्हाइन यांनी त्या डाइकवर बोट ठेवलं. एक डाइक दुसरीला मधोमध चिरून वर आलेली, तिला तिसरी चिरते. म्हणजे तळ सतत फाटत होता, रुंदावत होता. समुद्रतळ पसरतो याचा पुरावा हातात! समुद्रात ड्रिलिंग करून मँटलपर्यंत पोचणं तेव्हा कुणालाच जमलं नव्हतं. त्यामुळे समुद्रतळाच्या आत काय असतं हे शिकायला ट्रूडोस म्हणजे जणू पाठ्यपुस्तकच.

आणि 1973 मध्ये अकिहो मियाशिरो म्हणाले, थांबा. यांची केमिस्ट्री बघा. महासागराच्या मधोमध तयार होणाऱ्या बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के असते. इथले बरेच खडक त्याच्या खूप वर जातात. असे खडक जपानसारख्या बेटांच्या माळेत सापडतात, जिथे एक प्लेट दुसरीखाली घुसते.

झालं, गदारोळ! विरोधकांचा मुद्दाही साधा नव्हता. समुद्राचं गरम पाणी खडकात मुरतं, सोडियम, पोटॅशियम इकडचं तिकडे करतं. मग अशा आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

उत्तर आलं ते सहजासहजी न हलणाऱ्या मूलद्रव्यांतून. टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम पाण्याला फारशी दाद देत नाहीत. पुढे 1980 च्या दशकात ट्रूडोसच्या लाव्हात न बदललेली ज्वालामुखी काच तपासली गेली. तिच्यात टायटॅनियम कमी आणि पाणी भरपूर! खाली घुसणारी प्लेट पाणी सोडते, त्या पाण्याने मँटल लवकर वितळतो. तिचीच ही खूण.

मग डाइकचं काय? तेही खरंच. खाली प्लेट घुसत असताना वरची प्लेट ताणली जाऊन फाटू शकते. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी इथे तेच झालं. 1984 मध्ये पीअर्स आणि सहकाऱ्यांनी अशा ऑफिओलाइटचा वेगळा गटच मांडला. आज जगातले बरेचसे नामांकित ऑफिओलाइट याच गटात धरतात.

म्हणजे समुद्रतळाची रचना आपण ज्या नमुन्यावरून शिकलो, तो मुळात साध्या समुद्रतळाचा नव्हताच. थरांचा क्रम उपयोगी पडला, पण केमिस्ट्री वेगळ्याच जागेची निघाली. आता कुठे समुद्रतळाचा थरांचा तक्ता दिसला, तर एवढं विचारा: हा खडक आणला कुठून?

भेटू पुढच्या भागात!