जुन्या घराची वायरिंग आणि वायरमनची मजुरी

नव्या घरात विजेचे काम काढले, की वायरमन 'पॉइंट' मोजतो. दिव्याचा एक, पंख्याचा एक, सॉकेटचा एक. दर पॉइंटला अमुक रुपये. हिशेब पाच मिनिटांत होतो. जुन्या घरात मात्र तोच वायरमन काम अंगावर घ्यायला कचरतो, "आधी उघडून बघावे लागेल" म्हणतो आणि रोजावर काम करायचे ठरवतो. घरमालकाला वाटते, हा आपल्याला फसवतो आहे. वायर तेवढीच, बटणे तेवढीच, मग मजुरी जास्त का? याचे उत्तर त्या घरात वीज कधी आणि कशी आली, या इतिहासात सापडते.

कराडला लागून असलेल्या मलकापूरचा परिसर घ्या. कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयना नदीवर वरच्या अंगाला धरण बांधले गेले आणि तिचे पाणी बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात नेले गेले. तेथे १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ त्याआधी दोनच वर्षे, १९६० मध्ये स्थापन झाले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत मंडळाच्या तारा राज्यातल्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. या भागातली कित्येक घरे त्याहून जुनी आहेत: दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर कौले. घर आधीचे, वीज नंतरची.

म्हणून वायरिंग भिंतीच्या आत न जाता लाकडी पट्ट्यांवरून गेली. त्या काळच्या वायरीत तांब्यावर गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे वेष्टन असे. गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून तारेला कथिलाची कल्हई करत. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता यांमुळे हे रबर वर्षानुवर्षे वाळत जाते व तडकते. जागेवर पडून असेपर्यंत ते शाबूत दिसते. हात लावून वाकवले, की त्याचे तुकडे पडतात. एक बटण बदलायला गेलेल्या वायरमनला सगळी लाइन का बदलावी लागते, ते यावरून कळेल.

पुढे रबराची जागा पीव्हीसीने घेतली. तांबे परदेशातून आणावे लागे आणि परकीय चलनाची टंचाई होती, म्हणून अनेक घरांत ॲल्युमिनियमची वायर वापरली गेली. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन बसतो आणि हा थर वीजरोधक असतो. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली ही धातू हळूहळू सरकते व जोड सैल होतो. सैल जोडाचा रोध वाढतो, तेथे उष्णता निर्माण होते आणि जोड आणखी बिघडतो. नंतर कोणीतरी त्याच वायरीला तांब्याची वायर पिळून जोडलेली असते. दोन वेगळ्या धातू आणि पावसाळ्यातली ओल एकत्र आली, की गंज धरतो.

दरम्यान घरातली उपकरणे बदलली. ४० वॅटच्या दिव्यातून २३० व्होल्टला सुमारे ०.१७ अँपिअर प्रवाह जातो. २००० वॅटच्या गीझरमधून सुमारे ८.७ अँपिअर. प्रवाह ५० पट झाला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत ती २५०० पट होते. दोन दिवे आणि एका पंख्यासाठी टाकलेल्या लाइनवर गीझर जोडणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसेल. अशा वेळी फ्यूज वारंवार उडतो आणि कोणीतरी त्यात जाड तार घालतो. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापते. जुन्या लाइनला अर्थिंगची तार बहुधा नसतेच. सॉकेट तीन पिनांचा दिसतो, पण तिसरे भोक मागे कशालाच जोडलेले नसते.

आता मजुरीचा हिशेब पाहा. कोणती वायर कोठून कोठे जाते, हे शोधण्यात बराच वेळ जातो, कारण नकाशा कोणीच ठेवलेला नसतो. मातीच्या भिंतीत झिरी मारली, तर बाजूची माती ढासळते. मागाहून गवंडी बोलवावा लागतो. जुन्या पट्ट्या उतरवायला मदतनीस लागतो. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घ्यावा लागतो. यांतले काहीही 'पॉइंट' मोजून कळत नाही.

हा खर्च टाळण्यासाठी ओळखीच्या कोणाकडून तरी काम उरकून घेतले जाते. वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही होते. त्याने मेगर लावून वेष्टनाचा रोध मोजावा; तो निदान १ मेगओहम भरला पाहिजे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि तिचा निष्कर्ष लेखी घ्यावा. म्हणजे पुढच्या कामाचा अंदाज दोघांनाही नीट येतो.

नकाशाचे काम मात्र विद्यार्थी करू शकतात. कोणत्या बटणाने कोणता दिवा लागतो, कोणता फ्यूज काढल्यावर घराचा कोणता भाग बंद होतो, हे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पाहून कागदावर मांडावे. बटणाची किंवा सॉकेटची झाकणे उघडू नयेत. हा कागद मीटरजवळ चिकटवून ठेवला, तर पुढच्या वायरमनचा निदान शोधण्यातला वेळ वाचेल, आणि तेवढी मजुरीही.