कापसाची पेठ आणि हुंडणावळीचे अर्थशास्त्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अर्थशास्त्राचे प्रश्न खानदेशच्या काळ्या जमिनीने फार आधी अनुभवले होते. कारण 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा येथील पेरणी लिव्हरपूलच्या भावावर ठरू लागली आणि युद्ध संपताच तो भाव कोसळला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील पाचोरा स्थानकातून, आणि पुढे जामनेरला जाणाऱ्या अरुंद लोहमार्गामुळे अधिकच, आसपासच्या गावांची रुई मुंबई बंदराकडे जाऊ लागली.

व्याख्यानगृहांत मात्र रिकार्डोचा तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत, म्हणजे ज्या देशाला जी वस्तू तुलनेने स्वस्त पडते तीच त्याने निर्माण करावी व बाकीच्या बाहेरून घ्याव्यात हे तत्त्व, सर्वत्र लागू मानले जाई. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात या सार्वत्रिकतेलाच आव्हान दिले, आणि कच्चा माल पिकवणाऱ्या देशाची बाजू अभ्यासाचा विषय झाली.

यापुढचा वाद हुंडणावळीचा, म्हणजे दोन देशांच्या चलनांच्या विनिमयदराचा, होता. रुपयाचा दर 16 पेन्स असताना एका पौंडाच्या मालाचे 15 रुपये होत. 1927 मध्ये 18 पेन्सचा दर कायम झाल्यावर त्याच मालाचे 13 रुपये 5 आणे 4 पै होऊ लागले, आणि ही तूट कापूस उत्पादकाला जाणवणारी होती. तथापि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात 1918 ते 1920 या काळात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 च्या आपल्या रुपयाविषयक ग्रंथात दाखवून दिले होते की, रुपया उतरल्याने निर्यातदाराला होणारा नफा हा देशाचा नफा नसून, किमती वाढूनही मजुरी मागे राहिल्यामुळे तो मजुराच्या पदरातून गेलेला असतो. शेतमालकाइतकाच कपाशी वेचणाऱ्या बाईचा विचार करणारे हे विवेचन या साऱ्या वादातील सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल.

हे सारे शिकण्यासाठी पाचोऱ्याच्या विद्यार्थ्याला मात्र, 1945 च्या सुमारास अमळनेर व जळगाव येथे महाविद्यालये निघेपर्यंत, जिल्ह्याबाहेर जावे लागे. आणि स्वतंत्र विद्यापीठ जळगावला आले ते 1990 मध्ये, खानदेशचा कापूस लिव्हरपूलला पोहोचल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.