कोल्हापूरची मेबॅक आणि पुण्याची अवंती : दोन मोटारी, दोन काळ

१/ दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते आणि गर्दीच्या नजरा तिच्याकडे वळतात. राजाराम महाराजांच्या काळातील ही जर्मन गाडी आजच्या स्पोर्ट्स कारशेजारी उभी केली, तर काय दिसेल?

२/ तुलनेसाठी महाराष्ट्रातीलच गाडी घेऊ : डीसी अवंती. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीची ही स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये प्रथम दिसली आणि पुढे पुणे परिसरात तयार झाली.

३/ आधी मेबॅकची कुळकथा. १९०९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवीत असे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर विमान-इंजिनांची बंदी आणली. मग कंपनी मोटारींकडे वळली आणि १९२१ मध्ये तिची पहिली गाडी लोकांसमोर आली.

४/ आता आकडे. १९३६ मध्ये आलेल्या मेबॅक एसडब्ल्यू ३८ या मॉडेलचे इंजिन ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे. शक्ती १४० अश्वशक्ती. अवंतीचे इंजिन अवघे २ लिटरचे, चार सिलिंडरचे. शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती. म्हणजे दर लिटरमागे एकीकडे ३७, तर दुसरीकडे १२५!

५/ हा फरक कशामुळे? टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. इंधनाचे माप संगणक ठरवतो. पेट्रोलची प्रतही सुधारली आहे.

६/ परंतु मेबॅकचे उद्दिष्ट वेग एवढेच नव्हते. जड गाडी आवाज न करता, वारंवार गिअर न बदलता डौलाने चालावी, यासाठी तिचे अभियंते झटत. मिरवणुकीच्या संथ चालीला हाच गुण उपयोगी पडतो.

७/ खरी गंमत पुढेच आहे. मेबॅक कंपनी इंजिन आणि सांगाडा स्वतः घडवी. वरची बॉडी मात्र ग्राहकाच्या पसंतीनुसार श्पोनसारखे स्वतंत्र कारागीर बांधत. अवंतीचे नेमके उलट : बॉडी आपली, इंजिन फ्रान्सच्या रेनोचे.

८/ म्हणूनच ‘कोणती गाडी वेगवान?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘गाडीचा कोणता भाग कोणाला घडवता येत होता?’ असे विचारले, की त्या काळाचे उद्योगजीवन उलगडते. संस्थानकाळात अशी मोटार पूर्णपणे परदेशातून आणावी लागे. २०१२ पर्यंत आपण रूप घडवू लागलो होतो. स्पोर्ट्स कारचे हृदय मात्र अजून बाहेरून येत होते.

९/ आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत वाहनांच्या इंजिनांसाठी ओतीव भाग तयार होतात. ज्या शहरात मेबॅकचे इंजिन एकेकाळी नवलाईचे होते, तेथील भट्ट्यांत आता इंजिनांचे लोखंड ओतले जाते. कोल्हापूरच्या मोटार-इतिहासात राजवाड्याच्या गॅरेजइतकेच मानाचे स्थान या भट्ट्यांनाही द्यायला हवे.